रकान्यातला एकचा आकडा

मी आयटीत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नेदरलँड्समध्ये मराठी बाई भेटली की पहिला प्रश्न तोच येतो. "कुठल्या कंपनीत?" मी सांगते, खेमेन्तेत. म्हणजे इथल्या नगरपालिकेत. "अरे वा! डेटा का?" "नाही हो, तळघरात. जुने कागद." मग समोरचा माणूस हातातल्या प्लेटकडे बघायला लागतो. आम्ही राहतो त्या आल्मेरे शहरात, आमच्या जयंतीच्या कार्यक्रमात एका वहिनींनी मला बाजूला घेऊन मायेने सांगितलं होतं, "सुजाता, टेस्टिंगचा सहा महिन्यांचा कोर्स कर गं. सुटशील." मला सुटायचं नव्हतं. सतरा वर्षं झाली, अजूनही नाही.

आले तेव्हा मी नवऱ्याच्या व्हिसावर 'डिपेंडंट' होते. नागपूरला इतिहासात एम.ए. केलेली, दोन वर्षं कॉलेजात शिकवलेली बाई, आणि कागदावर काय, तर अवलंबून! तो शब्द मला असा झोंबला की त्याच हिवाळ्यात मी डचच्या वर्गाला जाऊन बसले. पुढे युट्रेख्टपलीकडच्या एका छोट्या गावाच्या नगरपालिकेत, जुन्या दप्तरखान्यात, आधी फुकट काम केलं, मग अर्धवेळ, मग पूर्ण. आल्मेरेहून ट्रेनने युट्रेख्ट, तिथून पाऊण तास सायकल, आणि वारा कायम समोरून. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं मला रोज भेटतात, आणि त्यांच्यातल्या एकाला हल्ली मोबाइलवर मराठीचं भाषांतर करता येतं.

काम काय असतं ते सांगते. या देशात पावणेदोनशे वर्षांपासून प्रत्येक गावाने लोकसंख्येचं रजिस्टर ठेवलंय. एका घराला एक पान. घरात कोण कोण राहतं, जन्म कुठला, धर्म कोणता, धंदा काय, कधी आला, कधी गेला, कुठे गेला. माणूस गेला की नावावर रेघ. लोक आम्हाला पत्र लिहून विचारतात, आमचा पूर्वज शोधून द्या. आम्ही शोधतो. पुष्कळांना वाटतं, आम्ही पांढरे हातमोजे घालून बसतो. हातमोजे कसले! हातमोज्यात बोटाला कागद कळत नाही आणि पान फाटतं. हात धुवायचे, खडखडीत कोरडे करायचे, क्रीम लावायचं नाही. आणि वाचायच्या खोलीत शाईचं पेन आणायचं नाही. महापौर आले तरी त्यांच्या हातात मी पेन्सिलच देते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. अमेरिकेतल्यांना तर हमखास राजघराण्यातला पूर्वज हवा असतो. एकाने तीन महिने माझं डोकं खाल्लं, त्याचा पणजोबा सरदार होता म्हणून. मी शोधलं. पणजोबा पाववाला निघाला, आणि कमी वजनाचे पाव विकल्याबद्दल त्याला दोनदा शिक्षा झालेली. प्रमाणित उतारा पाठवून दिला. आभाराचं पत्र काही आलं नाही.

मग करोना आला. वाचायची खोली बंद. तळघरात एका वेळी एकानेच जायचं, असा नियम झाला. एक दिवस मी, एक दिवस माझा साहेब हेंक. हेंक म्हणजे उंच, शांत, सही करण्याआधी कागद तीनदा वाचणारा माणूस. त्याचं एकच सूत्र. विचारलं तेवढंच द्यायचं, आपलं मत द्यायचं नाही. इकडे सगळी अमेरिका घरात कोंडलेली, करायला काही नाही, म्हणून जो तो पूर्वज शोधायला बसला. रोज पत्रांचा ढीग.

त्यातच आयोवा राज्यातल्या एका गावाच्या समितीचं पत्र आलं. तिकडे जिल्ह्यासारखा एक भाग असतो, त्याला कौंटी म्हणतात, आणि त्याचं कोर्ट-कचेरी ज्या गावात ते कौंटीचं मुख्य गाव. आपलं तालुक्याचं ठिकाण समजा. हे गाव चारेक हजार वस्तीचं, आणि वस्ती दर खेपेला थोडी घटलेली. पण एके काळी त्याचा रुबाब होता. कचेरी आधी शेजारच्या गावात होती. या गावच्या माणसांनी एका पहाटे बैलगाड्या नेल्या, कौंटीची सगळी दप्तरं पेट्यांसकट उचलून आणली आणि जाहीर केलं, आता कचेरी इथे. ज्याच्या हाती ससा तो पारधी! शेजारचं गाव पुढे ओस पडलं. हे टिकलं, ते दप्तरांच्या जोरावर. मला ते गाव ऐकताक्षणीच आवडलं.

तर त्या गावाच्या वर्धापनाला 'इतिहास आणि लोकसंख्या' असं जाडजूड पुस्तक काढायचं होतं. गाव वसवलं ते आमच्या गावाहून गेलेल्या सात डच कुटुंबांनी. समितीला त्यांची सरकारी यादी हवी होती. ती माझ्याकडे होती. त्या काळी देश सोडून जाणाऱ्यांची यादी महापौर वरती पाठवत. कुटुंबप्रमुखाचं नाव, धंदा, धर्म, ऐपत. पुढे नुसते आकडे: बायको किती, मुलं किती, नोकर किती. शेवटी जाण्याचं कारण आणि ठिकाण. मी यादीचा फोटो काढला, इंग्रजीत उतरवली आणि पाठवली. समितीच्या अध्यक्षबाईंचं गोड उत्तर आलं. सात कुटुंबं, अगदी आमच्या परंपरेत आहेत तशीच!

आठवड्याने दप्तरखान्याचा फोन वाजला. पलीकडे एक म्हातारा आवाज, मध्येच धाप लागत होती. नाव वॉल्टर, वय एक्याण्णव, त्याच गावातल्या वृद्धाश्रमात. करोनामुळे चार महिने खोलीतून बाहेर सोडलेलं नव्हतं. यादी त्याला कौंटीच्या कचेरीतल्या लिंडाने पाठवली होती.

"मॅडम," तो म्हणाला, "चौथ्या ओळीत नोकरांच्या रकान्यात एकचा आकडा आहे. तो कोण?"

मी यादी उघडली. चौथी ओळ, सुखवस्तू शेतकरी, बायको एक, मुलं पाच. नोकर: एक.

"घरातलं कोणी नोकरमाणूस असेल," मी म्हटलं.

"ते मला वाचता येतं. कोण, ते विचारतोय."

मग त्याने सांगितलं. त्या गावात दर उन्हाळ्यात संस्थापक दिन होतो. कोर्टाच्या पायऱ्यांवर सात घराण्यांची नावं वाचतात आणि त्यांच्या वंशजांनी पायऱ्यांवर उभं राहायचं. वॉल्टरची आजी सांगायची, माझी आईसुद्धा पहिल्या गाडीतूनच आली होती. कोणी विश्वास ठेवला नाही. आठ वर्षांचा असताना वॉल्टर आजीच्या शब्दावर पायरीवर जाऊन उभा राहिला, तर त्याला दंडाला धरून खाली आणलं आणि सगळं मैदान हसलं. आजी तिथेच होती.

"मॅडम, मला फार काही नको," तो म्हणाला. "माझी आजी खोटं बोलत नव्हती, एवढं कळून मला मरायचंय."

फोन ठेवला आणि माझे कान तापले. रागाने नाही, लाजेने. कारण सांगते. तिकडे नागपूरकडच्या आमच्या गावच्या शाळेला शंभर वर्षं झाली तेव्हा स्मरणिका निघाली होती. पाटलांची वंशावळ चार पानं, देशमुखांची तीन. आमच्याबद्दल एक ओळ: 'गावाच्या पूर्वेस महारवाडा, घरे बेचाळीस.' माझ्या आजोबांना गावाच्या शिवेचा दगड न् दगड पाठ. दोन गावांत हद्दीचा तंटा झाला की साक्षीला त्यांनाच न्यायचे. त्यांचं नाव नाही. बेचाळीसातले एक. माझे बाबा भर सभेत उठले, स्टेजवर गेले आणि स्मरणिका अध्यक्षांच्या हातात परत ठेवली. "नावं लिहून आणा, मग घेतो." मी तेव्हा अकरावीत होते. सगळे बघतायत म्हणून मी मान खाली घातली. त्या मान घालण्याची मला आजही लाज वाटते. आणि त्याच बाबांची मुलगी मी, 'नोकर: एक' असं सुबक इंग्रजीत टाइप करून, शुभेच्छा लिहून पाठवून मोकळी झाले होते. एक कोण, असा प्रश्नसुद्धा माझ्या डोक्यात आला नाही. दुसऱ्याने केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

शोधायला बसले. वाटलं, शेतकऱ्याच्या घराचं पान काढलं की झालं. पानावर नवरा, बायको, पाच मुलं, सगळ्यांवर रेघ, आणि नोकर कोणीच नाही. इथे एक चाल ध्यानात घ्यावी लागते. त्या काळी शेतावरच्या गड्या-मोलकरणींचा करार मे महिन्यात वर्षभराचा व्हायचा. मेमध्ये कामाला लागलेल्या मुलीचं नाव नव्या घराच्या पानावर यायला कारकुनाला सवड मिळेपर्यंत उन्हाळा उलटायचा. हे कुटुंब जूनमध्येच बोटीत बसलं होतं. म्हणजे ती मुलगी अजून तिच्या जुन्या घराच्या पानावर असणार. जुनं घर कुठलं, ते देव जाणे. म्हणजे मी देव मानत नाही, पण वाक्प्रचार आहे.

गावाची सगळी रजिस्टरं पानोपान चाळायची, दुसरा उपाय नव्हता. एक दिवसाआड मी तळघरात एकटी, स्वेटरवर कोट घालून, मास्कने चष्म्यावर वाफ. शेवटचा रकाना तेवढा बघायचा: कधी गेला, कुठे गेला. घरी माझी लेक डचमध्ये विचारायची, "आई, सापडली का तुझी बाई?" मी मराठीत म्हणायची, "नाही गं." चौथ्या आठवड्यात, बंधाऱ्याकाठच्या एका मजूर विधवेच्या पानावर, तीन पोरांच्या वर थोरल्या लेकीचं नाव. आन्त्ये यान्स. वय एकोणीस, मोलकरीण. गेली: उत्तर अमेरिका. तारीख तीच, त्या शेतकऱ्याच्या कुटुंबाची. मी उठून उभी राहिले. मग खाली बसले आणि मास्क ओला होईपर्यंत रडले. सापडली बाई!

पण आमच्या धंद्यात रडून भागत नाही, दुसरा पुरावा लागतो. त्याच दिवशी लिंडाला फोन केला. लिंडा त्या कौंटीची रेकॉर्डर, आपल्याकडच्या निबंधकासारखी. फरक एवढाच की तिकडे या पदावर निवडून यावं लागतं. ती मास्क चढवून कचेरीच्या तिजोरीखोलीत गेली आणि तिने लग्नांचं पहिलं पुस्तक काढलं. तिथे 'ॲना', म्हणजे आन्त्येच इंग्रजी वळणाने, हॉलंडमध्ये जन्मलेली, वय बरोबर जुळणारं, वॉल्टरच्या पणजोबांशी लग्न. साक्षीदार म्हणून सही कोणाची? तोच शेतकरी, चौथ्या ओळीतला. लिंडा फोनवर ओरडलीच. पळवून आणलेल्या दप्तरांच्या पेट्या पहिल्या रात्री आमच्या पणजीने कणगीत लपवल्या होत्या, असंही वॉल्टर सांगायचा. त्याला कागद नव्हता, म्हणून ते मी कुठेही लिहिलं नाही.

सगळं समितीला पाठवलं. अध्यक्षबाईंनी व्हिडिओवर भेट दिली. बाई उद्धट मुळीच नव्हत्या, उलट फार गोड. गोड बोलून नाही म्हणणारी माणसं मी आता तीन खंडांत पाहिली आहेत.

"किती सुंदर शोध!" त्या म्हणाल्या. "पण बघा, ती कामवाली होती. संस्थापक म्हणजे ज्यांनी जमीन घेतली ते."

"पहिल्या हिवाळ्यात त्यांचं अन्न कोणी शिजवलं?" मी विचारलं.

"तो इतिहासाचा प्रश्न नाही ना."

"मग कशाचा आहे?"

त्या हसल्या. पुस्तक छापायला गेलंय, म्हणाल्या. आणि वर हेंकला पत्र लिहिलं, की तुमच्या कर्मचारीबाई आमच्या गावाच्या अंतर्गत गोष्टींत ढवळाढवळ करत आहेत.

हेंकने मला बोलावलं. दोघं अंगणात, दीड मीटर अंतर ठेवून, हातात कॉफी.

"सुजाता, विचारलं तेवढंच द्यायचं."

"वॉल्टरने विचारलंय. ते गिऱ्हाईक नाही का? का गिऱ्हाईक व्हायला सुद्धा जमीन लागते?"

हेंकने कॉफीचा कप बाकावर ठेवला. मला वाटलं, गेली नोकरी. तेव्हाच ठरवलं, गेली तर गेली. या गावात मी सफाईचं काम करीन, पण ती यादी अर्धवट ठेवून जाणार नाही.

"त्याने प्रमाणित उतारा मागितला," हेंक शेवटी म्हणाला, "तर आपल्याला नाही म्हणता येत नाही."

तो स्वतः खाली आला, उतारा तीनदा वाचला, सही केली आणि शिक्का असा मारला की टेबल हललं. त्याची आजीसुद्धा कोणाच्या तरी घरी मोलकरीण होती, हे त्या दिवशी मला कळलं.

पुढची वाट लिंडाने दाखवली. "समितीचं पुस्तक समितीचं," ती म्हणाली. "पण कौंटीचं पुस्तक सगळ्यांचं. कागद नमुन्यात बसला, सही-शिक्का खरा असला, तर मी का म्हणून विचारू शकत नाही. नोंदवायचाच. तसा कायदाच आहे." उतारा, शपथेवरचं भाषांतर आणि लग्नाची नोंद, असे तिन्ही कागद वॉल्टरच्या सहीने तिच्याकडे दाखल झाले. सूची तिने दोन नावांखाली केली, आन्त्येच्या आणि त्या शेतकऱ्याच्या. आता त्या घराण्याच्या जमिनीचा शोध घ्यायला कोणीही बसलं की तिचं नाव समोर येणार. ज्या दप्तरांसाठी त्या गावाने दरोडा घातला, त्याच दप्तरांत. अध्यक्षबाईंनी विचारलं म्हणे, हे पान काढता येईल का. लिंडाने सांगितलं, या पुस्तकातून आजवर पान निघालेलं नाही.

वॉल्टरच्या मुलीने नोंदवलेला कागद वृद्धाश्रमाच्या खिडकीच्या काचेला लावून धरला. आत त्याने चष्मा पुसून वाचला. संध्याकाळी मला फोन.

"मॅडम, हे नाव म्हणायचं कसं?"

"आन्-त्ये."

त्याने तीनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. मग म्हणाला, "आजी खरं बोलत होती." बस्स, एवढंच. त्या हिवाळ्यात करोनाने तो गेला. मुलगी काचेबाहेर उभी होती. मला कळलं तेव्हा मी सायकल थांबवून कालव्याकाठी बसले आणि समितीला, करोनाला, त्या पायऱ्यांना, सगळ्यांना नागपुरी भाषेत मोठ्याने शिव्या घातल्या. समोरच्या बोटीतल्या डच आजोबांनी हात हलवला.

समितीचं पुस्तक आलं. सात कुटुंबं. चकचकीत कागद. एक प्रत आमच्याकडे भेट म्हणून आली, ती मी नियमाप्रमाणे नोंदवून फडताळात ठेवली. मी स्मरणिका परत करणाऱ्याची मुलगी खरी, पण दप्तरखान्यातून काही परत करायचं नसतं. खोटंसुद्धा जपायचं असतं, शेजारी खरं ठेवून.

दोन उन्हाळे चुकल्यावर तिकडे पुन्हा संस्थापक दिन झाला. नावं वाचायचा मान तिथे रेकॉर्डरचा असतो. समितीने लिंडाच्या हातात सात नावांचा छापील कागद दिला होता. त्याच वर्षाअखेर तिची निवडणूक होती, आणि मतं देणारे सगळे समोर बसलेले. वॉल्टरच्या मुलीने मला फोनवरून ते थेट दाखवलं. लिंडाने एकेक नाव वाचलं, एकेक घराणं उठून पायऱ्यांवर गेलं, टाळ्या झाल्या. सात झाली. बँडवाल्यांनी वाद्यं उचलली. लिंडाने छापील कागद घडी करून खिशात ठेवला, बगलेतलं कौंटीचं पुस्तक उघडलं आणि वाचलं, "आन्त्ये यान्स. मोलकरीण."

फोनचं चित्र हललं, कारण फोन धरणारी उठली होती. ती चालायला लागली. मग उजवीकडून एक बाई उठली, कडेवर मूल. मागून दोन दांडगे भाऊ. पोस्टातला माणूस उठला, त्याच्या पोरी उठल्या. पलीकडच्या झाडाखालून एक अख्खी रांग उठली. ज्यांना आपलं तिच्याशी काही नातं आहे हे घरात कुजबुजत सांगितलं गेलं होतं, ते सगळे. पायऱ्यांवर जागा पुरेना, सात घराण्यांना सरकून उभं राहावं लागलं. मी आल्मेरेच्या स्वयंपाकघरात उभी राहून टाळ्या वाजवत होते, आणि माझी लेक घाबरून बघत होती.

दुसऱ्या दिवशी लिंडाचा फोन आला. आवाज बसलेला. कार्यक्रमाचं टिपण दप्तरात लावायचं होतं तिला.

"सुजाता, अंदाजे किती असतील गं उठलेले? साठ? सत्तर लिहू?"

"आकडा लिहू नकोस," मी म्हटलं. "गाव छोटं आहे तुझं. घरोघर जा आणि नावं लिहून आण."